हॉल तिकीट नसलेली वाट

नांदेडात बसून कुणाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची म्हणजे संकोच होतो. याच गावात नरहर कुरुंदकर राहिले, पीपल्स कॉलेजात त्यांनी शिकवलं आणि प्रस्तावना हा प्रकार असा काही वाढवून ठेवला, की 'श्रीमान योगी' हाती घेतलेला माणूस अजूनही विचारतो, आधी कादंबरी वाचू की प्रस्तावना? माझा तेवढा वकूब नाही. त्यातून या पुस्तकाचा विषय असा, की त्याचं नाव नुसतं उच्चारायचं तरी धाप लागते: जैववैद्यक आणि संगणकीय विज्ञानांतलं पीएच.डी.नंतरचं संशोधन. संपादक दोघंही माझे जुने विद्यार्थी. एक उदगीरकडचा, एक देगलूरची. दोघांनी देशात आणि देशाबाहेर पोस्टडॉकची काही वर्षं काढली आहेत. 'सर, चार पानं लिहा,' म्हणाले. जास्त झाली तर राग मानू नये.

पोस्टडॉक म्हणजे काय, हे घरी समजावून सांगण्यापासून अडचण सुरू होते. औशाकडच्या एका मुलाच्या व्हायवाला त्याचे वडील आले होते. टोपी मांडीवर काढून ठेवून शेवटच्या रांगेत दोन तास बसले. भाषा इंग्रजी, विषय प्रथिनांच्या घड्यांचा, पण माणूस हलला नाही. नंतर पेढा हातात घेऊन मला म्हणाले, 'सर, झालं ना सगळं? का अजून ह्याच्या म्होरं कितवी असती?' सगळे हसले. मलाही हसू आलं, पण उत्तर सुचेना. कारण याच्या म्होरं असतं, आणि त्याला कितवी म्हणत नाहीत. वर्ग नसतो, गुणपत्रिका नसते, पदवीही मिळत नाही. पीएच.डी. झालेला माणूस दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत दोन-चार वर्षं जातो, तिथलं तंत्र शिकतो, स्वतःचा एखादा प्रश्न तडीला नेतो आणि पुढे स्वतःची प्रयोगशाळा उभी करण्याच्या लायकीचा होतो, किंवा ती आपली वाट नव्हे हे ओळखून दुसरीकडे वळतो. पगार मिळतो, पण नोकरी नसते. शिकणं चालू असतं, पण विद्यार्थी म्हणून सवलतीचा पास मिळत नाही.

हे आपल्याकडच्या मुलांना जड जातं आणि त्याचं कारण बुद्धीत नाही. लातूरचं शिक्षण मी जवळून पाहिलं आहे. गावाकडून एसटीने येणारा डबा, चौघांत एक रूम, भिंतीवर वेळापत्रक, दर रविवारी टेस्ट. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात रुजलेल्या या पद्धतीला पुढे सगळा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणू लागला. तिची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकरांना तिने डॉक्टर-इंजिनिअर केलं, हे उघड आहे. पण ती शिकवते ते एकच: समोर आलेल्या प्रश्नाचं उत्तर कमीत कमी वेळात कसं काढायचं. बारावी, नीट, सीईटी, नेट, सेट, पेट, प्रत्येक पायरीवर हॉल तिकीट येतं, त्यावर केंद्राचं नाव आणि बैठक क्रमांक असतो. पोस्टडॉक ही आयुष्यातली पहिली पायरी, जिथे हॉल तिकीट येत नाही. प्रश्नपत्रिका तुम्हीच काढायची, आणि एका अनोळखी माणसाला पटवून द्यायचं की हा प्रश्न सोडवण्यासारखा आहे.

गंमत अशी, की ज्यांच्या हातून हा पॅटर्न घडला ते वाघमारे सर स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या साहित्याचे अभ्यासक. लातुरात बसून त्या साहित्याकडे वळावं, असं त्यांना कुठल्याच अभ्यासक्रमाने सांगितलेलं नव्हतं. पुढे १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरूही तेच झाले. पॅटर्न आपण त्यांच्याकडून घेतला. स्वतःहून वेगळ्या वाटेला जाण्याची खोड घेतली असती तर बरं झालं असतं.

आता थोडा इतिहास, फार नाही. हरगोविंद खुराना लिव्हरपूलला पीएच.डी. करून १९४८ मध्ये झुरिकला व्लादिमिर प्रेलॉग यांच्याकडे गेले, तेही पगाराविना. १९४९ मध्ये काही काळ भारतात आले आणि पुन्हा इंग्लंडला गेले. केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्या प्रयोगशाळेत न्यूक्लिइक आम्लांचं रसायन त्यांच्या हाती लागलं, आणि १९६८ चं नोबेल त्याच धाग्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. म्हणजे पीएच.डी. एका विषयात आणि नाव झालं ते पोस्टडॉकमध्ये धरलेल्या विषयात. आपल्या जवळचं उदाहरण शेखर मांडे यांचं. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी., बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी., मग नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन आणि अमेरिकेतलं सिएटल इथे पोस्टडॉक. परत येऊन चंडीगड, हैदराबाद, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचं संचालकपद आणि २०१८ मध्ये सीएसआयआरचं महासंचालकपद. भौतिकशास्त्राचा माणूस प्रथिनांच्या रचनेकडे आणि संगणकीय जीवशास्त्राकडे वळला. असा सांधा बदलायला पोस्टडॉकइतकी सोयीची जागा नाही. त्याआधी गाईड बदलू देत नाहीत, त्यानंतर नोकरी बदलू देत नाही.

संगणकाची बाजू या पुस्तकात जास्त आली आहे. संपादकांनी ते जाणूनबुजून केलं असावं, आणि मला ते पटतं. का पटतं ते एका फ्रीझरच्या गोष्टीवरून सांगतो. कॉलेजचं नाव घेत नाही. उणे वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये माझे तीन वर्षांचे नमुने होते, प्रत्येक नळीवर माझ्या अक्षरात तारीख. दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली. जनरेटर होता, पण त्यातलं डिझेल कुणी भरायचं यावर दोन टेबलांमध्ये कागद फिरत होता. सुट्टीवरून आलो तेव्हा फ्रीझरखाली पाणी साचलेलं आणि लेबलांची शाई पसरलेली. ज्या शिपायाने दार उघडलं तो बिचारा पोछा घेऊन आधीच उभा होता.

आता दुसरं चित्र. परवा वसतिगृहात एक मुलगी लॅपटॉपवर एका प्रथिनाची हालचाल गणिताने चालवून बघत होती. ग्रोमॅक्स नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉपखाली दोन विटा, शेजारी टेबल फॅन. काम तीन दिवसांचं. मध्येच वीज गेली, बॅटरी संपली, पडदा काळा. मला धस्स झालं. ती मात्र चहा प्यायला निघाली. म्हणाली, 'सर, हे दर पंधरा मिनिटांनी स्वतःची नोंद करून ठेवतं. लाइट आली की तिथून पुढे.' फ्रीझरला चेकपॉइंट नसतो, हे त्या दिवशी मला नीट कळलं.

माहितीचंही तसंच. प्रथिनांच्या रचनांची जागतिक पेढी, प्रोटीन डेटा बँक, १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. आज तिथे दोन लाखांच्या वर रचना आहेत आणि किनवटच्या मुलालाही त्या केंब्रिजच्या मुलाइतक्याच फुकट मिळतात. २०२२ मध्ये अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले केले. त्यामागच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, सोबत नवी प्रथिनं रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडेही २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून झाले आणि ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली आहे. पुण्यात विद्यापीठाचं जैवमाहितीशास्त्र केंद्र १९८७ पासून आहे, सी-डॅक १९८८ पासून. वाट आपल्यापासून फार लांबून जात नाही.

पण इथे एक सावधगिरीचा बोर्ड लावतो. 'संगणकावरचं काम' म्हणजे स्वस्तातलं काम, अशी समजूत आपल्याकडे पसरली आहे. एखाद्या वनस्पतीतली वीस रसायनं घ्यायची, एखाद्या रोगाच्या प्रथिनात संगणकावर बसवून बघायची, ज्याचा आकडा सर्वांत खाली आला ते 'संभाव्य औषध' म्हणून जाहीर करायचं आणि पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात देऊन टाकायचं. असे प्रबंध मी स्वतः तपासले आहेत आणि, कबूल करतो, काही पासही केले आहेत. तो आकडा म्हणजे गणिताने केलेला अंदाज. कुलपात कुठली किल्ली शिरते एवढंच तो सांगतो, दार उघडतं की नाही ते पेशीवर, मग प्राण्यावर, मग माणसावर बघावं लागतं. पोस्टडॉकला निवडणारा प्राध्यापक असा अर्ज दहा सेकंदांत बाजूला ठेवतो. मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ मध्ये गेली. यादी असो नसो, बाहेरचा माणूस निबंध उघडून वाचतो, नियतकालिकाचा शिक्का बघत बसत नाही.

मग आपल्याकडे प्रश्न आहेत का? मला इथे थोडं रेंगाळायचं आहे, कारण पुस्तकात हा भाग आटोपशीर आला आहे.

विष्णुपुरीला जा. धरणाच्या या गावात विद्यापीठ आहे, १९८१ पासूनचं श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. एकीकडे जिवाणू वाढवणारे लोक, दुसरीकडे सिग्नल आणि प्रतिमा वाचणारे इंजिनिअर, तिसरीकडे आठ जिल्ह्यांच्या वाटांनी आलेले रुग्ण. तिघांत एका ऑटोचं अंतर. इतकी वर्षं इथे काढली, पण तिन्हीकडची माणसं एका टेबलाशी चहा पिताना मी क्वचित पाहिली. जगात जैववैद्यक माहितीशास्त्र म्हणून जे काही चालतं ते नेमकं याच टेबलावर चालतं: डॉक्टर म्हणतो, हे असं का होतं, इंजिनिअर म्हणतो, आकडे द्या, जीवशास्त्रज्ञ दोघांना सांगतो, तुम्ही चुकीचं मोजताय. पोस्टडॉक हा या तिघांची भाषा मोडकीतोडकी का होईना बोलणारा माणूस. आपल्याला तो बाहेरून आणायची गरज पडू नये.

किनवट-माहूरकडे सिकलसेल आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेलं, एवढीच चूक. ती कळून पासष्टहून जास्त वर्षं उलटली. तरी एकच चूक असलेली दोन मुलं वेगवेगळी का आजारी पडतात, हे पूर्ण उलगडलेलं नाही. एकाला दर महिन्याला सांधे धरून दवाखान्यात न्यावं लागतं, दुसरा कापूस वेचायला जातो. काही उत्तर माहीत आहे: भारतात आढळणाऱ्या एका जनुकीय पार्श्वभूमीत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त टिकतं आणि आजार सौम्य राहतो. बाकीचं शोधायला जनुकांची माहिती, दवाखान्याच्या नोंदी आणि त्या दोन्ही एकत्र वाचणारं गणित लागतं. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, म्हणजे तपासण्याही होत आहेत. फक्त एक लक्षात ठेवावं, की ही माहिती म्हणजे माणसं आहेत. नैतिकता समितीची मान्यता आणि गोंडी-कोलामी बोलणाऱ्या आईला कळेल अशी संमती, या दोन गोष्टींशिवाय त्या फाइलींना हात लावायचा नाही.

आणि उनकेश्वर. किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी गरम पाण्याचे झरे. लोक तिथे त्वचेच्या आजारासाठी आंघोळीला जातात, महादेवाला नारळ फोडतात. आमच्या विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या लोकांनी त्या पाण्यातल्या जिवाणूंवर शोधनिबंध लिहिले आहेत, तसे लोणारच्या खाऱ्या पाण्यावरही लिहिले आहेत. वाचणाऱ्याला वाटेल, गरम पाण्यातले किडे मोजून काय मिळतं? अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यात थॉमस ब्रॉक आणि त्यांचा एक पदवीचा विद्यार्थी हेच करत होते. १९६९ मध्ये त्यांनी थर्मस अॅक्वाटिकस नावाचा जिवाणू नोंदवला. उकळत्याच्या जवळ जाणाऱ्या तापमानात त्याचं विकर (एन्झाइम) बिघडत नाही, म्हणून पुढे ते डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्रासाठी वापरलं गेलं. करोनाच्या काळात नाकात काडी घालून जी तपासणी केली, ती त्या पीसीआरची. आज झऱ्यातलं पाणी गाळून त्यातला सगळा डीएनए एकदम वाचून घेता येतो. वाचायचं काम बाहेरच्या कंपनीला पैसे देऊन होतं आणि पोस्टाने परत येते ती हार्ड डिस्क. त्यापुढचं सगळं काम संगणकावर: कोट्यवधी तुकडे जुळवायचे, कुठला तुकडा कुणाचा ते ओळखायचं, त्यात ओळखीचं काय आणि बिनओळखीचं काय ते वेगळं काढायचं. कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत हे करणारी माणसं लागतात. उनकेश्वरचं पाणी मात्र त्यांच्याकडे नसतं.

पैशांचं पटकन सांगतो, कारण तपशील पुढे आहेत आणि नियम दरवर्षी हलतात. प्रकल्पातल्या रिसर्च असोसिएटला जानेवारी २०२३ च्या केंद्रीय दरांप्रमाणे अनुभवानुसार महिना ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये आणि वर घरभाडं. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची, ती पूर्वी एसईआरबी देत असे, आता २०२३ च्या कायद्याने आलेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान देतं. जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएटशिप बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेमार्फत चालते. त्याच विभागाची एम. के. भान फेलोशिप तीन वर्षांची, आयसीएमआरची तिच्या स्वतःच्या संस्थांसाठी. इंडिया अलायन्सची सर्वांत मानाची आणि तिला वयाची अट नाही. बाकी बहुतेक ठिकाणी पस्तिशी आडवी येते. राखीव प्रवर्ग आणि स्त्रियांना नॅशनल फेलोशिपमध्ये पाच वर्षांची सूट आहे. तरी हिशेब मांडून बघा: एम.एस्सी.ला तेवीस, नेट-सेटमध्ये दोन-तीन वर्षं, नोंदणी आणि गाईड मिळेपर्यंत एक, प्रबंधाला सहा. बत्तीस-तेहेतीस झालेच. म्हणून प्रबंध सादर झाला की अर्ज टाकावा, व्हायवाची वाट बघू नये. एसईआरबीच्या नियमांत प्रबंध सादर केलेल्यालाही जागा होती, आणि हे आमच्याकडच्या कितीतरी मुलांना वय उलटल्यावर कळलं.

परदेशासाठी ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची एक खास फेलोशिप आहे, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्रातून जीवशास्त्राकडे येणाऱ्यांसाठी. आपल्या अभियांत्रिकीवाल्यांनी ती बघावी. युरोपची मेरी क्युरी फेलोशिप, जर्मनीची हुम्बोल्ट, जपानची जेएसपीएस आहेतच. अमेरिकेत बहुतेक जण प्राध्यापकाच्या अनुदानावर, जे-१ व्हिसावर जातात. तो संशोधकाला जास्तीत जास्त पाच वर्षं राहू देतो. प्राध्यापकाचं अनुदान संपलं तर पाच वर्षं हा नुसता आकडा राहतो, तेही समजून असावं.

आणि हैदराबाद. आमची मुलं पुण्याकडे डोळे लावून बसतात, तर आजारी माणूस घेऊन आपण सगळे जातो हैदराबादला. देवगिरी पकडली की थेट सिकंदराबाद. निजामाच्या काळापासूनची वाट ती. सीसीएमबी, सीडीएफडी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्था तिथे, ट्रिपलआयटीमध्ये संगणकीय जीवशास्त्राचं केंद्र तिथे. नांदेडहून पुण्यापेक्षा हे सगळं कितीतरी जवळ आहे. दवाखान्याचा पत्ता पाठ असलेल्या गावाला प्रयोगशाळेचा पत्ता माहीत नसावा, याचं मला नवल वाटत आलं आहे.

नंतर काय, हा प्रश्न पुस्तकात शेवटच्या प्रकरणात आहे. घरात तो पहिल्या दिवशीच निघतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या निवडयादीसाठी पोस्टडॉकच्या एका वर्षाला दोन गुण आहेत, जास्तीत जास्त दहा. तेवढेच गुण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवलेल्या वर्षांनाही मिळू शकतात. म्हणजे कागदावर सिएटल आणि सीएचबी यांची किंमत एकच. जाहिरात निघेपर्यंत वेळ काढायचा म्हणून पोस्टडॉक करणाऱ्याला मी हेच सांगतो: वेळ काढायचा असेल तर घराजवळची सीएचबी बरी, आईच्या हातचं जेवण तरी मिळेल. अनुदानित जागा कशा भरल्या जातात यावर मी इथे लिहीत नाही. लातूर-नांदेडात ते कुणाला सांगायची गरज नाही.

मुलींचं वेगळं आहे. पीएच.डी. आणि लग्न एकाच वर्षी येतं, मग मूल, मग चार वर्षांचा खंड. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण या योजना अशा परतणाऱ्या स्त्रियांसाठीही आहेत. देगलूरच्या संपादिकेने हे प्रकरण स्वतः लिहिलं आहे. तिने त्यात स्वतःचं नाव कुठे घातलं नाही, पण ओळखणारा ओळखेल. संगणकीय कामाचा एक फायदा तिने सांगितला आहे, तो पुरुषाला सुचला नसता: मूल झोपल्यावरही सर्व्हर जागा असतो.

राहता राहिला तो ई-मेल. सगळं जातं ते त्याच दारातून. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्यांदा मेल पाठवला तेव्हा मला अभिमानाने दाखवला. एकाच वेळी एकशेनव्वद प्राध्यापकांना. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम'. मग स्वतः किती कष्टाळू, प्रामाणिक आणि शिकायला उत्सुक आहे ते. मग दहावीपासूनचे टक्के. सोबत अकरा पानांचा बायोडेटा, त्यात वडिलांचं नाव, जन्मगाव, वैवाहिक स्थिती, शेवटी 'वरील माहिती खरी आहे' आणि सही. हॉल तिकिटावर वाढलेला मुलगा अर्जही फॉर्मसारखाच भरतो. त्याचा दोष कसा म्हणायचा? शिफारसपत्रंही आपल्याकडे मुलानेच लिहून आणायची आणि सरांनी सही करायची, असा रिवाज. मीही कितीतरी डोळे झाकून केल्या आहेत. एकशेनव्वदांपैकी तीन उत्तरं आली, तिन्ही आपोआप निघणारी, साहेब रजेवर आहेत म्हणून.

मग आम्ही एक महिना एकच मेल लिहिला. एकाच प्राध्यापकाला. आधी त्यांचे चार निबंध वाचले, एकात तर आम्हा दोघांना रात्र गेली. मेल झाला नऊ ओळींचा. टक्के नाहीत, कष्ट नाहीत. उनकेश्वरच्या पाण्यातल्या डीएनएमध्ये आम्हाला एका विकराचं जनुक सापडलं आहे, ओळखीच्या कुठल्याही कुळात ते नीट बसत नाही, तुमच्या पद्धतीने त्याची घडी वर्तवली तर एका जागी गडबड येते, ती खरी की आमची चूक, एवढंच. सोबत गिटहबवरचा दुवा, सगळी गणितं उघडी. पाठवून तो गावी गेला, सोयाबीनच्या काढणीला.

आठव्या दिवशी उत्तर आलं. होकार नव्हता, नकारही नव्हता. दोन ओळी होत्या. नमुना घेतला तेव्हा पाण्याचं तापमान किती होतं, आणि तो झऱ्याच्या तोंडाशी घेतला की कुंडात, जिथे लोक आंघोळ करतात?

त्याने वही काढली. तापमानाची नोंद होती, जागेची नव्हती. मला फोन केला तेव्हा मागून मळणीयंत्राचा आवाज येत होता. म्हणाला, 'सर, आपला तो जुना थर्मामीटर अजून आहे का?' दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेड बसस्थानकावर किनवटची गाडी लागली तेव्हा तो बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसला होता.